बुटीक हॉटेल

बुटीक हॉटेल : मर्यादित खोल्या, विशिष्ट स्थळाशी वा वास्तूशी निगडित असे स्वतंत्र रूप आणि पाहुण्याकडे वैयक्तिक लक्ष, ही प्रमुख लक्षणे असलेले निवासगृह. ‘बुटीक’ हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ लहान दुकान असा होतो. निवडक माल ठेवणारे, मालकाच्या आवडीनिवडीची छाप असलेले दुकान व सर्व प्रकारचा माल एका छपराखाली विकणारे विशाल भांडार यांत जो फरक, तोच बुटीक हॉटेल व नेहमीचे मोठे हॉटेल यांत आहे, अशी कल्पना या नावामागे आहे. खोल्यांची संख्या किती असावी, याविषयी सर्वमान्य नियम नाही. प्रारंभी अशी हॉटेले स्वतंत्र मालकांनी, बहुधा साखळी-हॉटेलांच्या एकसुरीपणाला पर्याय म्हणून काढली. पुढे मोठ्या साखळ्यांनीच ती आपल्या छत्राखाली उघडण्यास वा सामावून घेण्यास सुरुवात केली. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या दुसऱ्या अवस्थेचा इतिहास भारत व महाराष्ट्र यांच्या संदर्भात दिला असून, तिच्या मर्यादा स्पष्ट करण्यासाठी वर्धा जिल्ह्यातील अतिथिगृहांच्या परंपरेचा विचार केला आहे.

साखळी-हॉटेले व एकरूपता : एकाच नावाखाली व एकाच पद्धतीने चालणाऱ्या अनेक हॉटेलांची साखळी ही विसाव्या शतकातील घटना होय. एल्सवर्थ स्टॅटलर याने १९०८ मध्ये अमेरिकेतील बफलो येथे काढलेल्या हॉटेलात प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह ठेवले व अशा अनेक सोयींची मापे ठरवून टाकली. कॉनरॅड हिल्टन याने १९१९ मध्ये टेक्सस राज्यातील सिस्को या गावी पहिले हॉटेल विकत घेतले आणि १९५४ मध्ये स्टॅटलरची संपूर्ण साखळीही आपल्याकडे घेतली. केमन्स विल्सन याचे पहिले ‘हॉलिडे इन’ १९५२ मध्ये मेंफिस येथे उघडले. लांब पल्ल्याच्या रस्त्यांवरून कुटुंबासह मोटारीने जाणाऱ्या प्रवाशाला अनोळखी गावातही परिचित खोली, परिचित दर व परिचित स्वच्छता मिळावी, हे त्याचे सूत्र होते. प्रवाशाची अनिश्चितता दूर करणे हेच साखळीचे खरे भांडवल ठरले. खाटेच्या मापापासून न्याहारीच्या पदार्थांपर्यंत सर्व गोष्टी लेखी नियमांनी बांधल्या गेल्यामुळे खरेदी स्वस्त झाली, नोकरवर्गाचे प्रशिक्षण सोपे झाले आणि मध्यवर्ती आरक्षण शक्य झाले. मात्र त्याबरोबरच हॉटेल ज्या गावात आहे, त्या गावाचा हॉटेलात मागमूसही उरेनासा झाला.

उदय : या एकरूपतेविरुद्धची प्रतिक्रिया १९७० नंतर दिसू लागली. लंडनमधील ‘ब्लेक्स’ (१९७८), सॅन फ्रॅन्सिस्कोमध्ये बिल किम्प्टन याने जुनी इमारत घेऊन काढलेले ‘बेडफर्ड’ (१९८१) आणि इयन श्रेगर व स्टीव्ह रूबेल यांचे न्यूयॉर्कमधील ‘मॉर्गन्स’ (१९८४) ही या प्रकारातील आरंभीची हॉटेले मानली जातात. ‘मॉर्गन्स’ची अंतर्गत सजावट आंद्रे प्यूटमन या फ्रेंच रचनाकर्तीने केली होती. हॉटेलाला ‘बुटीक’ हे विशेषण लावण्याचे श्रेय सामान्यतः रूबेल याला दिले जाते. या हॉटेलांची गुंतवणूक जागेच्या विस्तारात नसून रचनेत होती. मोठी सभागृहे व अनेक भोजनकक्ष वगळल्यामुळे शहराच्या मध्यवर्ती भागातील जुन्या, अरुंद इमारतीही हॉटेल म्हणून किफायतशीर ठरू शकल्या.

साखळ्यांचा प्रवेश : स्वतंत्र हॉटेलांचे यश पाहून मोठ्या साखळ्यांनी त्यांचे अनुकरण केले. स्टारवुड या साखळीने १९९८ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘डब्ल्यू’ हे हॉटेल उघडले. इंटरकाँटिनेंटल समूहाने २००४ मध्ये अटलांटा येथे ‘इंडिगो’, तर हयात समूहाने २००७ मध्ये लंडन येथे ‘अँडाझ’ या नावाचे पहिले हॉटेल सुरू केले. मॅरियटने ‘एडिशन’ या शाखेसाठी श्रेगर याच्याशीच करार केला आणि २०१० मध्ये ‘ऑटोग्राफ कलेक्शन’ या नावाने स्वतंत्र हॉटेलांना त्यांचे मूळ नाव न बदलता साखळीत घेण्याची योजना आखली. किम्प्टनची हॉटेले २०१५ मध्ये इंटरकाँटिनेंटल समूहाने ४३ कोटी डॉलरला विकत घेतली. अशा रीतीने साखळीला पर्याय म्हणून जन्मलेला प्रकार तीन-साडेतीन दशकांत साखळीचाच एक विभाग बनला.

या प्रवेशाची कारणे मुख्यतः आर्थिक आहेत. मोठ्या शहरांत नवे विशाल हॉटेल बांधण्यास लागणारी जमीन व भांडवल दुर्मिळ झाले. उलट लहान हॉटेलाच्या मालकाला दूरवरच्या ग्राहकापर्यंत पोहोचणे, आरक्षणाची यंत्रणा ठेवणे व बँकेचे कर्ज मिळविणे अवघड जाते. साखळीजवळ नाव, आरक्षण-यंत्रणा व नियमित ग्राहकांची यादी असते. मालकाजवळ वास्तू व स्थळ असते. म्हणून बहुसंख्य ठिकाणी साखळी वास्तू विकत न घेता व्यवस्थापन करार वा नाममुद्रेचा परवाना करार करते. व्यवस्थापन करारात साखळीस एकूण उत्पन्नाचा ठराविक अंश आणि नफ्यावरील वाढीव मोबदला मिळतो. इमारतीची देखभाल व तोट्याचा धोका मुख्यत्वे मालकाकडे राहतो. कराराची मुदत संपल्यावर साखळीचे नाव काढून घेतले जाते. बुटीक हॉटेलाचे वैशिष्ट्य एकाचे व त्यावरचे नाव दुसऱ्याचे, ही स्थिती या करारांतून निर्माण होते. या प्रकाराविषयीच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ तीतच आहे.

भारत : भारतात प्रवाशांच्या निवाऱ्याची परंपरा धर्मशाळा, सराई, मठ व अन्नछत्र यांची होती. इंग्रजी अमदानीत तीत डाक बंगल्याची व सरकारी विश्रामगृहांची भर पडली. आधुनिक हॉटेल प्रथम बंदरांच्या शहरांत आले. इंडियन हॉटेल्स कंपनी १९०२ मध्ये स्थापन झाली व जमशेटजी टाटा यांनी उभारलेले मुंबईचे ‘ताजमहाल’ हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. त्याच्या वास्तुरचनेत सीताराम खंडेराव वैद्य व डी. एन. मिर्झा यांचा प्रमुख वाटा असून वैद्यांच्या मृत्यूनंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पूर्ण केले. सु. सात दशके या कंपनीची ओळख प्रामुख्याने या एकाच भव्य वास्तूशी जोडलेली होती. तिचा साखळी म्हणून विस्तार १९७० नंतर झाला, आणि या विस्ताराचा आरंभ नव्या उत्तुंग इमारतींइतकाच जुन्या राजवाड्यांतून झाला, ही भारतीय इतिहासातील लक्षणीय गोष्ट होय.

उदयपूरच्या पिछोला सरोवरातील जगनिवास हा अठराव्या शतकातील महाल महाराणा भगवतसिंह यांनी १९६३ मध्ये हॉटेल म्हणून खुला केला होता; त्याचे व्यवस्थापन १९७१ मध्ये ताज समूहाकडे आले. जयपूरचा रामबाग महाल १९५७ पासून हॉटेल होता; तो १९७२ मध्ये या समूहात सामील झाला. १९७१ मध्येच सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले होते. विस्तीर्ण वाड्यांची देखभाल परवडेनाशी झालेल्या मालकांना व्यवस्थापन करार हा एक मार्ग मिळाला. पाश्चात्त्य देशांत साखळ्यांनी ‘बुटीक’ हा शब्द उचलण्यापूर्वी सु. पाव शतक भारतीय साखळीने एकमेवाद्वितीय वास्तू सामावून घेण्याची ही पद्धत स्वीकारली होती.

पुढील काळात लहान वारसा-वास्तूंच्याच साखळ्या निघाल्या. अमन नाथ व फ्रान्सिस वाक्झ्यार्ग यांनी राजस्थानातील नीमराना येथील पडका किल्ला दुरुस्त करून १९९१ मध्ये पाहुण्यांसाठी उघडला आणि त्यानंतर त्याच धर्तीवर अनेक जुन्या वास्तू चालविण्यास घेतल्या. आयटीसी कंपनी व जोधपूरचे राजघराणे यांच्या सहयोगातून १९९७ मध्ये ‘वेलकमहेरिटेज’ ही साखळी निघाली. केंद्र शासनाच्या पर्यटन खात्यानेही ‘वारसा हॉटेल’ असा स्वतंत्र वर्ग मान्य केला असून त्यासाठी इमारत १९५० पूर्वीची असावी, अशी अट आहे.

वन्यप्राणी पर्यटनाने या प्रकारास नवे क्षेत्र मिळवून दिले. ताज समूहाने दक्षिण आफ्रिकेतील एका कंपनीच्या सहकार्याने मध्य प्रदेशात लहान वननिवास उघडले. त्यांपैकी बांधवगडजवळील ‘महुआ कोठी’ (२००६) हा पहिला. त्यात बारा स्वतंत्र निवासकक्ष असून त्यांना ‘कुटिया’ असे नाव देण्यात आले व त्यांच्या रचनेत गावातील मातीच्या घरांचा आदर्श ठेवण्यात आला. त्यानंतर पेंच, कान्हा व पन्ना येथेही असे निवास निघाले. पेंचचे अरण्य विदर्भाच्या सीमेवर असल्याने नागपूर हे तेथील प्रवाशांचे सोयीचे विमानतळ ठरले.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्रात माथेरान येथील ‘बार हाऊस’ या एकोणिसाव्या शतकातील बंगल्यात नीमराना समूहाने लहान हॉटेल चालविले. इंडियन हॉटेल्स कंपनीने २०१९ मध्ये ‘सिलेक्शन्स’ या नावाची नवी शाखा बारा हॉटेलांसह सुरू केली. स्वतःचा पूर्वेतिहास व स्वतःचे नाव असलेली हॉटेले एका मुद्रेखाली आणणे, हा तिचा हेतू होता. मुंबईचे ‘प्रेसिडेंट’, पुण्याचे ‘ब्लू डायमंड’ व चार्ल्स कोरिआ या वास्तुशिल्पज्ञाने रचलेले पणजीजवळील ‘सिदाद द गोवा’ ही हॉटेले या शाखेत येतात. ‘प्रेसिडेंट’मध्ये अडीचशेहून अधिक खोल्या आहेत. आकाराने लहान असण्याची मूळची अट येथे मागे पडली असून वेगळी ओळख एवढेच लक्षण उरले आहे, हे यावरून दिसते. याच कंपनीने मळ्यांतील व डोंगराळ भागांतील बंगले ‘अमा’ या नावाने प्रवाशांना देण्यास प्रारंभ केला. त्यांत काही बंगले कूर्गमधील कॉफीच्या मळ्यांतील आहेत. विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा अरण्याच्या परिसरात खाजगी निवासांची संख्या झपाट्याने वाढली असून ‘वेलकमहेरिटेज’ साखळीनेही तेथे आपले नाव दिलेला निवास आहे.

सार्वजनिक क्षेत्रात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ (स्थापना १९७५) ही पर्यटक निवासांची राज्यभर पसरलेली साखळी म्हणता येईल. तिचे निवास माफक दराचे व साध्या बांधणीचे असून त्यांचे महत्त्व खाजगी भांडवल न पोहोचलेल्या ठिकाणी सोय निर्माण करण्यात आहे. ग्रामस्थांनी आपल्या घरातील खोल्या पाहुण्यांना द्याव्यात यासाठीची महामंडळाची ‘न्याहारी-निवास’ योजनाही लहान निवासाचाच एक प्रकार होय. मात्र तीत घर, यजमान व उत्पन्न ही तिन्ही एकाच कुटुंबाची राहतात.

वर्धा जिल्हा : वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला व १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहर वसविले गेले. लोहमार्ग व कापसाचा व्यापार यांमुळे वर्धा, हिंगणघाट, पुलगाव या गावांत बाहेरच्या व्यापाऱ्यांची ये-जा वाढली. त्यांची उतरण्याची सोय धर्मशाळांत वा परिचितांच्या पेढ्यांवर होई, तर सरकारी अधिकाऱ्यांसाठी विश्रामगृहे असत. जमनालाल बजाज (१८८९–१९४२) यांच्या ‘बजाजवाडी’ने या परंपरेला राष्ट्रीय रूप दिले. काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठकींसाठी वर्ध्यास येणारे नेते तेथे उतरत. ‘चले जाव’ चळवळीची भूमिका ठरविणारा कार्यकारिणीचा १४ जुलै १९४२ चा ठराव वर्ध्यातच संमत झाला.

म. गांधी एप्रिल १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात राहावयास गेले. १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम असे नामांतर झाले. तेथील आदिनिवास व बापू कुटी ही घरे माती, बांबू, लाकूड व कौले या जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून, स्थानिक कारागिरांकडून बांधली गेली. जगभरचे पाहुणे येथे आले व आश्रमाच्या दिनक्रमाप्रमाणे राहिले. लॉर्ड लोथियन १९३८ मध्ये आले होते. अमेरिकन पत्रकार लुई फिशर जून १९४२ मध्ये आठवडाभर राहिले. वऱ्हाडालगतच्या त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टबात बसून, समोर खोक्यावर टंकलेखन यंत्र ठेवून त्यांनी आपली टिपणे लिहिली. आश्रमातील ‘रुस्तुम भवन’ पाहुण्यांसाठी होते. पुढे आश्रमासमोर ‘यात्री निवास’ झाले. विनोबा भावे यांच्या पवनार आश्रमातही अतिथी आश्रमवासीयांच्या दिनक्रमात सामील होऊन राहत. १९९७ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाने आपल्या अतिथिगृहास ‘नागार्जुन सराय’ असे नाव दिले आहे. ‘सराय’ हा जुना शब्द त्यात जपला गेला आहे.

बुटीक हॉटेलाची जी लक्षणे सांगितली जातात, ती सर्व सेवाग्रामच्या अतिथिगृहात आढळतात : मोजक्या खोल्या, स्थानिक साहित्य, गावचे अन्न, यजमानाचे वैयक्तिक लक्ष. भेद आहे तो हेतूत. सेवाग्रामची माती व बांबू ही गरजा कमी करण्याच्या तत्त्वातून आली होती. वननिवासातील ‘कुटिया’ तेच रूप सुखसोयींच्या पूर्ण साजासह व मोठ्या दराने देते. बाह्य रूप साखळीला उचलता येते. त्यामागील जीवनपद्धती मात्र करारात लिहिता येत नाही.

जिल्ह्याची परिस्थितीही या व्यवसायाची परीक्षा पाहणारी आहे. गांधी-विनोबांच्या वास्तव्यामुळे वर्धा जिल्ह्यात १९७० नंतरच्या दशकापासून दारूबंदी आहे. तारांकित हॉटेलांच्या उत्पन्नात मद्यविक्रीचा वाटा महत्त्वाचा असल्याने येथे हॉटेलास केवळ निवास व भोजन यांवरच उभे राहावे लागते. सेवाग्राम-पवनारला येणाऱ्यांत विद्यार्थी, कार्यकर्ते व साध्या मिळकतीचे यात्रेकरू बरेच असून ते महाग खोलीचे ग्राहक नव्हेत. नागपूरची मोठी हॉटेले सु. ७५ किमी. अंतरावर असल्याने सधन प्रवासी सकाळी येऊन सायंकाळी परत जाऊ शकतो. तरीही मागणी वाढविणाऱ्या दोन घटना अलीकडे घडल्या आहेत. सेलू तालुक्यातील बोर अभयारण्य (घोषित १९७०) २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले, सु. १३८ चौ. किमी. क्षेत्राचा हा प्रकल्प देशातील अत्यंत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक होय. पर्यटन विकास महामंडळाने बोर धरणाजवळ पर्यटक निवास उभारले आहे. तसेच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. ताडोबाच्या अनुभवावरून पाहता बोरच्या परिसरातही खाजगी निवासांचा विस्तार अपेक्षित आहे. मात्र जंगल आकाराने लहान असल्याने खोल्यांची व वाहनांची मर्यादा आधीच ठरविणे तेथे अधिक निकडीचे आहे.

मूल्यमापन : साखळीच्या छत्रामुळे अनेक पडक्या वास्तू वाचल्या, दुर्लक्षित स्थळी रोजगार निर्माण झाला व स्थानिक पाककृतींना आणि कारागिरीला प्रतिष्ठा मिळाली, हे मान्य करावे लागते. नीमराना किंवा जगनिवास यांची देखभाल केवळ मालकांच्या बळावर झाली असती की नाही, याविषयी शंका आहे. दुसऱ्या बाजूस, वैशिष्ट्य हेच विक्रीचे साधन झाले की त्याचेही नियम होतात. मातीचा गिलावा, हातमागाची चादर व भरडधान्याची न्याहारी ही एकदा साखळीच्या नियमपुस्तिकेत शिरली, की ती ठिकठिकाणी सारखीच दिसू लागतात. मूळ एकरूपतेच्या जागी वैविध्याची एकरूपता येते.

यासाठी नव्याने उघडणाऱ्या अशा हॉटेलाची पारख त्याच्या सजावटीवरून न करता काही ठोस बाबींवरून करणे युक्त ठरते. नोकरवर्गात व विशेषतः वरच्या जागांवर स्थानिक लोक किती आहेत. धान्य, भाजीपाला व कापड परिसरातून किती घेतले जाते. पाणी व सरपण यांचा भार गावावर किती पडतो. आणि करार संपल्यावर वास्तू, कौशल्य व ग्राहक यांपैकी काय मालकाकडे व गावाकडे उरते, या त्या बाबी होत. वर्ध्यापुरते बोलावयाचे तर १९३८ मध्ये स्थापन झालेल्या मगन संग्रहालयाच्या परिवारात नैसर्गिक रंगांची खादी आजही तयार होते. जिल्ह्यात येणारे कोणतेही लहान हॉटेल ती खादी येथल्या विणकरांकडून रास्त दराने घेते, की तिच्यासारखे दिसणारे कापड मध्यवर्ती भांडारातून मागविते, यावरून ते हॉटेल वर्ध्याचे आहे की केवळ वर्ध्यात आहे, हे ठरू शकेल.